एकवीस मिनिटांत सात चित्रे

कचेरीच्या आवारात किंवा आठवड्याच्या बाजारात चाललेला लिलाव आपण केव्हातरी पाहिलाच असेल. जुने लाकूडसामान, आमराईची फळे किंवा थकलेल्या बाकीपायी जप्त झालेली भांडीकुंडी मांडलेली असतात. भोवती दहा-वीस माणसे उभी असतात आणि 'एकवार, दोनवार, तीनवार' या तीन शब्दांत वस्तूचा धनी बदलतो. लिलावाची रीत जगभर थोड्याफार फरकाने हीच आहे. आज आम्ही आपल्याला अशाच एका लिलावाला नेणार आहोत. तेथे जप्तीची भांडी नव्हती, भिंतीवर टांगावयाची सात चित्रे होती; आणि त्या सातांनी चित्रांच्या बाजाराचा सारा इतिहासच बदलून टाकला.

दिनांक १५ ऑक्टोबर १९५८. स्थळ लंडनमधील 'सदबीज' ही लिलावाची पेढी. ही पेढी १७४४ पासून चालत आलेली. लिलाव एरवी दिवसा होत. परंतु या वेळी मुद्दाम रात्री साडेनऊची वेळ ठरविण्यात आली आणि निमंत्रितांनी नाटकाला यावे तसे ठेवणीतील पोशाख करून यावे, अशी योजना होती. सुमारे चौदाशे माणसे लोटली. कादंबरीकार सॉमरसेट मॉम, नर्तिका मार्गो फाँटेन आणि चित्रपटनट कर्क डग्लस हेही त्या गर्दीत होते. चित्रे होती याकोब गोल्डश्मिट या बर्लिनच्या धनकोच्या संग्रहातील. हिटलरच्या राजवटीत या ज्यू गृहस्थाला जर्मनी सोडावी लागली होती. १९५५ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले आणि संग्रहातील ही निवडक सात चित्रे विक्रीला आली.

हातोडा पीटर विल्सन यांच्या हाती होता. निकाल असा लागला :

एदुआर माने याचे स्वतःचे चित्र — ६५,००० पौंड.
मानेचेच 'फेरफटका' — ८९,००० पौंड.
मानेचे 'निशाणे लावलेला मोस्निए रस्ता' — १,१३,००० पौंड.
व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे 'आर्लची सार्वजनिक बाग' — १,३२,००० पौंड.
पॉल सेझानचे 'मोठी सफरचंदे' — ९०,००० पौंड.
सेझानचेच 'तांबड्या बंडीतील मुलगा' — २,२०,००० पौंड.
ऑग्यूस्त रेन्वारचे 'विचारमग्न' — ७२,००० पौंड.

एकूण बेरीज ७,८१,००० पौंड. आणि लागलेला वेळ अवघी एकवीस मिनिटे! त्या वेळच्या दराने ही रक्कम एक कोटी चार लाख रुपयांच्या घरात जाते. सेझानच्या मुलाचे चित्र निघाले तेव्हा बोली दोन लाख वीस हजारांवर येऊन थांबली. याहून अधिक कोणीच देणार नाही काय, असे विल्सन यांनी जणू नवल वाटल्यासारखे विचारले आणि हातोडा खाली आणला. लिलावात कोणत्याही आधुनिक चित्राला तोवर एवढी किंमत आलेली नव्हती.

चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वीची थट्टा

आता वाचकहो, याच चित्रपरंपरेचा आरंभ कसा झाला ते पाहा, म्हणजे त्या रात्रीचे खरे नवल ध्यानात येईल.

१८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिस येथे काही तरुण चित्रकारांनी एका छायाचित्रकाराच्या जागेत आपले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनाचे दरवाजे त्यांना वारंवार बंद झाले होते. त्यांचा अपराध एवढाच की, पुराणातील देवदेवता आणि राजेरजवाडे गुळगुळीत रंगविण्याऐवजी ते उघड्यावर बसत आणि पाण्यावर थरथरणारा उजेड, धुके, आगगाडीचा धूर, रस्त्यावरील गर्दी असे डोळ्यांना क्षणभर जे दिसे ते भरभर फटकाऱ्यांनी टिपत. क्लोद मोने याच्या सूर्योदयाच्या एका चित्राच्या नावातील 'ठसा' या अर्थाचा शब्द पकडून लुई लरॉय या टीकाकाराने त्या मंडळींची खिल्ली उडविली. तीच चेष्टा पुढे त्यांचे नाव झाली. मराठीत आपण या पंथास दृक्प्रत्ययवाद म्हणतो.

पोट भरावयाचे तर चित्रे विकली पाहिजेत. म्हणून मोने, रेन्वार, सिस्ले आणि बर्थ मोरिसो या चौघांनी २४ मार्च १८७५ रोजी पॅरिसच्या 'ओतेल द्रुओ' या लिलावगृहात आपली चित्रे पुकारावयास काढली. प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. गोंधळ इतका वाढला की पोलिसांना पाचारण करावे लागले. त्या दिवशीची सर्वांत मोठी किंमत मोरिसो या विदुषीच्या एका चित्राला आली. ती होती ४८० फ्रँक! कित्येक चित्रे याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही गेली नाहीत.

व्हॅन गॉगची कथा तर आपल्या कानांवर आलेलीच असेल. १८९० मध्ये ब्रुसेल्स येथील प्रदर्शनात त्याचे 'तांबडा द्राक्षमळा' हे चित्र आना बॉख या चित्रकर्तीने ४०० फ्रँकांना घेतले. त्याच वर्षीच्या जुलैत वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. त्याला आयुष्यभर पोसणारा धाकटा भाऊ थेओ हाही सहा महिन्यांत गेला. मागे उरली थेओची तरुण पत्नी योहाना, कडेवरचे मूल आणि कोणी न घेतलेली शेकडो चित्रे. त्या बाईने ती अडगळ म्हणून टाकून दिली नाहीत. प्रदर्शने भरविली, थोडीथोडी चित्रे जाणून-बुजून विकली आणि १९१४ मध्ये दोघा भावांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. आज व्हॅन गॉग जगाला ठाऊक आहे याचे मोठे श्रेय या घरंदाज स्त्रीच्या धीराला आहे, हे विसरून चालणार नाही.

एका चित्राचा प्रवास

याच योहानाने १८९७ मध्ये 'डॉक्टर गाशे' हे व्हॅन गॉगने अखेरच्या दिवसांत काढलेले चित्र ३०० फ्रँकांना विकले. मुठीवर डोके टेकून खिन्नपणे बसलेला हा डॉक्टर पुढे अनेक हात फिरून १९११ मध्ये जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराच्या संग्रहालयात आला. नागरिकांनी पाहावे म्हणून तो तेथे होता. परंतु १९३७ मध्ये नाझी सरकारने अशी चित्रे 'भ्रष्ट कला' ठरवून जप्त केली आणि परदेशी विकून टाकली. एका निर्वासित कुटुंबाबरोबर डॉक्टर गाशे अमेरिकेस पोहोचला. १५ मे १९९० रोजी न्यूयॉर्कच्या 'क्रिस्टीज' पेढीत तो लिलावास निघाला, तेव्हा र्‍योएई साइतो या जपानी उद्योगपतीने त्यासाठी ८ कोटी २५ लक्ष डॉलर मोजले. दोनच दिवसांनी याच गृहस्थाने रेन्वारचे एक चित्र ७ कोटी ८१ लक्ष डॉलरला घेतले.

आणि नंतर? जपानमधील पैशाचा पूर ओसरला, चित्रांचे भाव कोसळले, १९९६ मध्ये साइतो वारले. डॉक्टर गाशे मात्र १९९० नंतर कोणत्याही सार्वजनिक प्रदर्शनात दिसला नाही. तीनशे फ्रँकांचा असताना ज्याला वाटेल त्याने त्याच्यापुढे उभे राहावे. कोट्यवधींचा झाल्यावर त्याचे दर्शन दुर्लभ व्हावे, असा हा विचित्र न्याय आहे.

हे भाव चढतात तरी का?

आपल्या मनात प्रश्न येईल की, कापड आणि रंग तेच असताना किमतीत इतका फरक कशाने पडतो? याचे पहिले कारण साधे आहे. चित्रकार गेला की त्याच्या चित्रांची संख्या कायमची ठरते. त्यातील उत्तम चित्रे एकेक करून संग्रहालयांत जातात व बहुधा परत विक्रीस येत नाहीत. उरलेल्या थोड्यांसाठी घेणारे मात्र वाढत जातात. दुसरे कारण म्हणजे चित्राची वंशावळ. ते कोणाकडे होते, कोठे प्रदर्शित झाले, अस्सल असल्याची कागदपत्रे आहेत काय, यावर भाव ठरतो. तिसरे कारण प्रतिष्ठा. नवा धनिक घोडे, वाडे घेतो तसा नामवंत चित्रही घेतो.

वर्तमानपत्रांतील असे आकडे वाचताना दोन-तीन गोष्टींचे भान ठेवावे. १९७५ पासून लंडनच्या मोठ्या पेढ्या घेणाऱ्याकडूनही दलाली आकारू लागल्या आणि छापून येणाऱ्या किमतीत ती धरलेली असते. १९५८ चे आकडे हे केवळ हातोड्याचे आहेत. म्हणून दोहोंची तुलना जपून करावी. शिवाय त्या वेळचा पौंड आणि आजचा पौंड यांच्या खरेदीशक्तीतही अंतर आहे. आणि विक्रेत्याने ठरविलेल्या गुप्त किमान किमतीपर्यंत बोली न गेल्यास चित्र तसेच परत जाते. अशा परतलेल्या चित्रांची बातमी ठळक अक्षरांत क्वचितच येते.

एवढे वजा करूनही चढण डोळे दिपविणारी आहे. त्या रात्री ६५,००० पौंडांना गेलेले मानेचे स्वतःचे चित्र २०१० मध्ये लंडनलाच २ कोटी २४ लक्ष पौंडांना गेले. २०२२ च्या नोव्हेंबरात पॉल ॲलन यांच्या संग्रहातील पाच चित्रे प्रत्येकी दहा कोटी डॉलरच्या वर गेली. त्यात सेझानचा एक डोंगर आणि व्हॅन गॉगची एक फळबाग होती. ही सारी रक्कम दानधर्मासाठी होती, हे विशेष. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात गुस्ताव क्लिम्ट याने काढलेल्या एका तरुणीच्या चित्राला २३ कोटी ६४ लक्ष डॉलर आले.

चित्रकाराच्या पदरात काय?

या कोट्यवधींतून चित्रकाराला काय मिळते? बहुधा काहीच नाही. तो एकदाच विकतो. पुढची प्रत्येक चढण मालकाची. हा अन्याय ओळखून फ्रान्सने १९२० मध्ये कायदा केला आणि पुनर्विक्रीच्या किमतीतील वाटा चित्रकाराला व त्याच्या वारसांना देऊ केला.

हे परदेशाचे म्हणून सोडून देऊ नये. आपल्या देशाच्या कॉपीराइट कायद्यातही १९९४ च्या दुरुस्तीने असेच एक कलम आले आहे. मूळ चित्र, शिल्प, रेखाटन किंवा मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकले गेल्यास त्यात निर्मात्याचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा असावा, तो दहा टक्क्यांहून अधिक नसावा, असे ते सांगते. आपल्या घरात कोणी मुलगा वा मुलगी चित्रकलेच्या मार्गाला लागली असेल, तर प्रत्येक चित्राचे छायाचित्र, तारीख, माप आणि घेणाऱ्याचे नाव एका वहीत टिपून ठेवण्याची सवय आजच लावावी. हक्क कागदावर असतो. तो सिद्ध करावयास वही लागते.

आपल्याकडेही चित्रांचे भाव आता वाढले आहेत. पॅरिसमध्ये शिकलेल्या आणि सेझान, गोगँ यांच्यापासून प्रेरणा घेऊन हिंदुस्थानच्या मातीतील माणसे रंगविणाऱ्या अमृता शेरगिल १९४१ मध्ये लाहोर येथे अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी निवर्तल्या. त्यांच्या एका चित्राला २०२३ मध्ये ६१ कोटी ८० लाख रुपये आले. परंतु त्याहून मोलाची गोष्ट ही की, त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह १९५४ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे आणि तो तुम्हा-आम्हांला पाहता येतो.

शेवटी चित्र कोणाचे?

गुस्ताव केबॉत या सधन चित्रकाराने आपल्या गरीब मित्रांची चित्रे, कोणी घेत नव्हते तेव्हा, विकत घेऊन सांभाळली आणि १८९४ मध्ये मरताना ती सारी फ्रान्सच्या सरकारला दिली. सरकारने कुरकुरत त्यांतील सुमारे चाळीस स्वीकारली, बाकीची नाकारली. त्या चाळिसांसाठी आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयापुढे माणसांच्या रांगा लागतात.

आणि तो तांबड्या बंडीतील मुलगा? त्या रात्री त्याला पॉल मेलन या अमेरिकन धनिकाने घेतले. पुढे त्याने ते चित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाला देऊन टाकले. तेथे प्रवेशाला पैसा पडत नाही. ज्याच्यासाठी एका रात्री दोन लाख वीस हजार पौंड मोजले गेले, त्याच्यासमोर आज शाळेतील मुले फुकट उभी राहतात आणि तो कमरेवर हात ठेवून आपल्याच विचारात गढलेला असतो.

हातोड्याने ठरते ती किंमत. मोल ठरते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत, आणि त्यासाठी चित्र डोळ्यांसमोर असावे लागते. तेव्हा पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन जवळच्या संग्रहालयात अवश्य जावे. कोणते चित्र किती कोटींचे, हे त्यांना सांगू नये. कोणते चित्र आवडले आणि का, एवढेच विचारावे.