पियानोच्या मागे तळं, तळ्याकाठी खोपटं

पियानोवादकाच्या पाठीमागे पडदा नाही, भिंतही नाही. आहे ती भलीमोठी काच, आणि काचेपलीकडे झाडी, तळं नि काठावरचं इवलंसं लाकडी खोपटं. संगीतकार एडवर्ड ग्रीग ज्या खोपट्यात बसून सुरावटी रचायचा, तेच हे! नॉर्वेतल्या बर्गनजवळ ट्रोल्डहाउगेनला ग्रीगचं घर आहे. त्याच आवारात १९८५ मध्ये हा ‘ट्रोल्डसालेन’ हॉल झाला. खुर्च्या जेमतेम दोनशे. छपरावर चक्क गवत, आणि हॉल उतारात असा दडवलाय की ग्रीगच्या घराची शोभा जराही झाकत नाही.

बर्गन म्हणजे पावसाचं माहेरघर. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस! त्यामुळे काचेतलं दृश्य सतत बदलतं. तळं लख्ख दिसत असताना जी रचना खेळकर वाटते, तीच धुकं उतरलं की हुरहूर लावते. पियानोवर पट्ट्या त्याच आणि लयही तीच, तरी कान वेगळंच ऐकतात.

आता खोपट्याची गंमत. कुणी ऐकतंय म्हटलं की ग्रीगला काही सुचायचंच नाही. या खोपट्याआधी हार्डांगरच्या लोफ्थूस गावात त्याने असंच एक खोपटं बांधलं होतं. येणारेजाणारे बाहेर कान देऊन उभे राहू लागले, तेव्हा पठ्ठ्याने गावकऱ्यांच्या मदतीने अख्खं खोपटंच दुसरीकडे हलवलं! ट्रोल्डहाउगेनचं खोपटं १८९१ चं. बाहेरगावी जाताना तो तिथे चोरांसाठी चिठ्ठी ठेवायचा: ही स्वरलिपीची कागदपत्रं माझ्याखेरीज कुणाच्याच कामाची नाहीत, तेवढी राहू द्या, अशा अर्थाची. अंगाने तो अगदी बुटका. पियानोशी बसताना उंची पुरावी म्हणून बुडाखाली बीथोवनच्या सोनाटांचा जाडजूड ग्रंथ घ्यायचा, असं सांगतात. हे सगळं कळल्यावर काचेपलीकडचं ते खोपटं नुसतं चित्र उरत नाही. आत कुणीतरी बसलेलं दिसू लागतं.

ट्रोल्डहाउगेनला हमखास वाजणारी रचना म्हणजे ‘वेडिंग डे ॲट ट्रोल्डहाउगेन’. १८९२ मध्ये एडवर्ड आणि नीनाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा अभिनंदन करायला टेकडीवर माणसांची रीघ लागली. मित्रांनी स्टाइनवे पियानो भेट दिला. तो आजही घरातल्या दिवाणखान्यात आहे, आणि वाजतो! रचना त्यानंतर चार वर्षांनी आली. तिचं आधीचं नाव होतं ‘अभिनंदन करणारे येताहेत’. पाहुणे ज्या आवारात आले, तिथेच बसून ही दुडकी लय ऐकायला मिळते.

पण काच फसवतेसुद्धा. ग्रीगचं ‘मॉर्निंग मूड’ कानावर पडलं की डोळ्यांपुढे फ्योर्डवरची पहाट उभी राहते ना? हे संगीत इब्सेनच्या ‘पीर ग्युंट’ नाटकासाठीचं, आणि तिथे ती पहाट मोरोक्कोतली आहे! आणि ए मायनरमधला तो गाजलेला पियानो कॉन्चेर्टो? तो १८६८ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमध्ये लिहिला गेला. ग्रीग तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि ट्रोल्डहाउगेनचं घर बांधून व्हायला अजून सतरा वर्षं होती. तरी ऐकणाऱ्याला त्यात नॉर्वेचेच डोंगर दिसतात. मला यात काही वावगं वाटत नाही. लोकगीतांतल्या आणि लोकनृत्यांतल्या सुरांशी ग्रीगचं नातं इतकं घट्ट होतं, की तो मुलूख त्याने सोबतच नेला होता.

मात्र या जागेची खरी करामत काचेत नाही, आकारात आहे. ग्रीगने पियानोसाठी ६६ ‘लिरिक पीसेस’ लिहिले. बरेचसे दोन-चार मिनिटांचे, हळू आवाजात सांगितलेल्या गोष्टींसारखे. हजार-दीड हजार माणसांच्या सभागृहात त्यांचा जीव दबतो. दोनशे जणांत ते थेट तुमच्याशी बोलतात. कॉन्चेर्टो ऐकायचा तर बर्गन शहरातल्या १९७८ च्या भव्य ‘ग्रीगहालेन’मध्ये ऐकावा, वरून पाहिलं तर ती इमारतच ग्रँड पियानोच्या आकाराची आहे. आणि ‘लिरिक पीसेस’साठी उन्हाळ्यात ट्रोल्डसालेनची दुपारची मैफल गाठावी. अर्ध्या तासाची असते, पाऊस पडत असला तरी चुकवू नये.