बँडसॉचं पातं किती ताणायचं?

या भागात थोडे आकडे आहेत, आणि ऐकताना आकडे हमखास निसटतात. म्हणून हे लिहून देतोय. विषय आहे सुतारकामाच्या वर्कशॉपमधल्या बँडसॉचा, म्हणजे त्याच्या पात्याच्या ताणाचा.

आता सोलापुरात राहून ताण म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात. एकाचा ताणा घट्ट, दुसऱ्याचा सैल. त्या सैल धाग्यांचेच लूप होतात. साध्या पॉवरलूमवर बीमला साखळी गुंडाळून तरफेवर वजनं टांगतात. बीम रिकामा होत गेला की घेर कमी होतो आणि ताण वाढतो, मग वजनं आत सरकवायची, नाहीतर धागे तुटतात. हे गणित विणकराच्या हातातच असतं. वखारीत ओंडके कापायच्या मोठ्या बँडसॉवरही कित्येकदा अशीच तरफ आणि वजन असतं.

आपल्या छोट्या मशीनवर मात्र वजनाऐवजी स्प्रिंग असते. खाली एक चाक, वर एक चाक, दोघांवरून फिरणारं पातं. हँडल फिरवलं की स्क्रू वरचं चाक उचलतो, पण स्प्रिंगमार्फत. आणि घोळ होतो तो बहुतेक इथेच.

ताण कमी पडला तर जाड लाकडात पातं पोटातून वाकतं. वरून रेघ सरळ दिसते, आणि फळी उलटी केली की काप तिरका! सागवानाचा भाव माहितीये ना? उलट ताण फार झाला तर बेअरिंग आणि वरच्या चाकाचा शाफ्ट मार खातो, पात्याचा जोडही सुटू शकतो. चालू मशीनवर पातं तुटणं ही गंमत नाही, बोटं तिथून वीतभरावर असतात.

मग किती ताणायचं? साध्या कार्बन स्टीलच्या पात्याला साधारण 100 मेगापास्कल. बायमेटल पात्याला याच्या दीडपट-दुप्पट सांगतात, पण हलकं मशीन तेवढं पेलत नाही, तिथे हट्ट करू नका.

हे मोजायला महागडा गेज लागत नाही, डिजिटल व्हर्नियर पुरतो. आधी प्लग काढा. पातं नुसतं सरळ होईल इतपत ताणा. व्हर्नियरचे दोन्ही जबडे 100 मिलिमीटर अंतरावर छोट्या क्लॅम्पने पात्याला पकडवा, शून्य करा आणि हँडल फिरवा. पोलाद ताणलं की लांबतं, आणि हिशोब सोपा आहे: दर 0.01 मिलिमीटरला 20 मेगापास्कल. म्हणजे 0.05 दिसलं की थांबा. मशीनवरच्या छापील पट्टीवर माझा फार विश्वास नाही; स्प्रिंग म्हातारी होते, पट्टी तशीच राहते.

आता सुधारणा. पहिली स्प्रिंगची. वेढे एकमेकांना चिकटले असतील तर ती स्प्रिंग उरलीच नाही, लोखंडाचा ठोकळा झाला. याचा तोटा काय? काम करताना पातं तापतं. 20 अंशांनी तापलं तर मीटरमागे जवळपास पाव मिलिमीटर वाढतं, आणि 100 मेगापास्कलसाठी आपण मीटरमागे ताणलंय फक्त अर्धा मिलिमीटर. म्हणजे स्प्रिंग नसेल तर निम्मा ताण गेला! स्प्रिंग दहा-पंधरा मिलिमीटर दबलेली असेल तर ती मागून ढकलत राहते आणि ताण जेमतेम दोन-तीन टक्के घटतो. त्यामुळे पुरत्या ताणावरही वेढ्यांत फट राहील अशी दमदार स्प्रिंग बसवायची.

दुसरी, हँडल जड फिरत असेल तर स्क्रूच्या टेकूखाली छोटं थ्रस्ट बेअरिंग आणि आट्यांना ग्रीस. 12 मिलिमीटर रुंद, अर्धा मिलिमीटर जाड पात्यासाठी वरचं चाक बऱ्याच जोराने उचलावं लागतं, कारण पात्याच्या दोन बाजू खाली ओढत असतात. घर्षण कमी झालं की हाताला खरा ताण कळतो.

एक गोष्ट मात्र ताण कितीही नीट लावला तरी सुटत नाही. पातं जाड आणि चाक लहान असेल, तर प्रत्येक फेरीला वाकून वाकून त्याला तडे जातात. जुना ठोकताळा असा की जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास हवी. 350 मिलिमीटरच्या चाकाला 0.35. बाजारात मिळणारी पाती बऱ्याचदा याहून जाड असतात, म्हणून निवड असेल तर पातळ घ्या. 1808 साली लंडनच्या विल्यम न्यूबेरीने बँडसॉचं पेटंट घेतलं, पण वाकणं आणि जोड सहन करणारं पातंच मिळेना, म्हणून मशीन कित्येक वर्षं तसंच राहिलं.

संध्याकाळी काम संपलं की पातं सैल करा. रात्रभर ताणलेलं ठेवलं तर स्प्रिंग थकते आणि चाकांवरच्या रबरी पट्ट्यांना खाच पडते. किती आटे सोडले ते खडूने मशीनच्या दारावर लिहा, आणि स्विचवर ‘पातं सैल आहे’ अशी पाटी अडकवा. सकाळी आधी येणारा दुसराच कुणी असू शकतो.