शिबिराची जीप परत गेल्यावर

मुंबईची लोकल कसाऱ्याला संपते. तिथून विहीगावमार्गे वर जाणारा रस्ता खोडाळ्याला आणि पुढे मोखाड्याला पोहोचतो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधबे पाहायला निघालेल्यांच्या गाड्या या रस्त्यावर मावत नाहीत. पाऊस सरला की त्याच रस्त्याने औषधांची खोकी लादलेल्या जीप वर येऊ लागतात. कुठल्या ना कुठल्या सेवाभावी संस्थेचे आरोग्य शिबिर असते. सरकारी रुग्णालयातला डॉक्टर म्हणून अशा शिबिरांत मी बरीच वर्षे बसत आलो आहे. येणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. प्रश्न वेगळाच आहे.

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ मध्ये सव्वाशेच्या आसपास बालके दगावली आणि कुपोषण हा शब्द महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत कायमचा आला. त्यानंतर नवसंजीवनी योजना आली, २०१४ मध्ये पालघर हा वेगळा जिल्हा झाला, गर्भवतींसाठी अमृत आहार सुरू झाला. संस्थाही आल्या. वसंतराव पटवर्धन यांनी १९७२ मध्ये सुरू केलेले प्रगती प्रतिष्ठान तर त्याआधीपासून जव्हारमध्ये आहे.

शिबिरात पहिला तास गुडघे, कंबर आणि खरजेचा. खरा आजार त्यानंतर, लेकराला दाखवायला आलेल्या बाईच्या रूपाने समोर बसतो. ती स्वतःची तक्रार सांगत नाही. पापणी खाली ओढून पाहिली तर आतली बाजू पांढरीफटक. पाचव्या-सहाव्या महिन्याची गर्भवती आणि हिमोग्लोबिन साडेसहा. अशा वेळी शिबिरातून मिळते ती टॉनिकची बाटली. (या रंगीत बाटल्यांवर होणारा खर्च पाहिला की माझा जीव जळतो.) गर्भवतीचे हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर तिला रुग्णालयात दाखल करावे लागते, शिरेतून लोह द्यावे लागते, कधी रक्त चढवावे लागते. सात ते दहाच्या मध्ये असेल तर गोळ्या चालतात, पण त्या कित्येक महिने रोज घ्याव्या लागतात आणि चहाबरोबर घेतल्या तर निम्म्याहून अधिक वाया जातात, कारण चहातले टॅनिन लोह शोषू देत नाही. एका दिवसाचे शिबिर हे काम करू शकत नाही. ते पाड्यावरची आशाताई करते, तिच्याकडे नाव पोहोचले तर.

सिकलसेलचेही तसेच. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकतात. शिबिरात ‘अंग दुखतं’ म्हणणाऱ्या तरुण मुलाला वेदनाशामक देऊन पाठवणे सोपे असते. विद्राव्यता चाचणी काही मिनिटांत होते, पण तो नुसता वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणी आणि रंगीत कार्डे दोन्ही आहेत. शिबिरवाल्यांनी त्याच यादीत नावे भरली तर पुढे हायड्रॉक्सीयुरियासारखे औषध चालू करता येते. स्वतःची वेगळी वही केली तर ती वही जीपबरोबर मुंबईला जाते.

आता वेळापत्रकाचे पाहा. शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात. हवा छान, रस्ते कोरडे. पण दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. गर्भवती आणि लहान मुलेही बरोबरच जातात. पाड्यावर म्हातारी माणसे उरतात, मोतीबिंदू तपासून घेतात. त्यात वाईट काही नाही. उलट मोतीबिंदूचे काम शिबिराला उत्तम जमते: तपासायचे, गाडीने रुग्णालयात न्यायचे, शस्त्रक्रिया करून घरी सोडायचे. एका वेळेत काम पुरे होते. मात्र दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी असलेले मूल त्या दिवशी भट्टीवर असते.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळे उलटे. लोक लावणीसाठी गावात, घरातले धान्य संपत आलेले, जुलाब-ताप वाढलेले, शेतात साप. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या मरकटवाडीत सातव्या महिन्यात घरीच बाळंत झालेल्या मातेची जुळी बाळे दगावली आणि रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला झोळीतून चिखलातून सुमारे तीन किलोमीटर चालत न्यावे लागले. रस्ताच नव्हता. त्या दिवसांत आमच्याकडे शिबिराची विचारणा क्वचितच येते.

काही संस्थांनी मात्र रीत बदलली आहे. त्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात येऊन कोणाला काय हवे ते विचारतात. तीव्र कुपोषित बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवायचे म्हणजे आई सुमारे दोन आठवडे अडकते. तिला बुडीत मजुरी मिळते, पण घरी उरलेल्या दोन पोरांना कोण बघणार, हा तिचा प्रश्न असतो. त्यांच्या जेवणाची सोय संस्थेने केली, तर ती बाई टिकते. शिबिराच्या मांडवाइतकाही खर्च त्याला येत नाही. खोडाळा, आसे, मोऱ्हांडा, साखरशेत इथल्या आरोग्य केंद्रांत मे महिन्यातच चौकशी केली, तर कोणत्या पाड्यावरच्या कोणत्या गर्भवतीला पाऊस लागण्याआधी खाली आणून ठेवायला हवे, हे तिथली परिचारिका नावानिशी सांगते. त्यासाठी एक जीप आणि चार महिन्यांचे डिझेल लागते.