एकच चॅनल, रिकामे रस्ते आणि डोळ्यांचा नंबर

ऐंशीच्या दशकातल्या टीव्हीच्या आठवणी हल्ली भरपूर फिरतात. लाकडी शटरचा संच, गच्चीवरचा अँटेना, रविवारी सकाळी शेजाऱ्यांनी भरलेली खोली. या आठवणी खोट्या नाहीत. त्या साऱ्या देशाच्या आणि साऱ्या काळाच्या नावावर जमा केल्या जातात, तिथे गोंधळ होतो. मुंबईतल्या चाळीला 1973 साली जे दिसत होते, ते कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या गावाला दिसायला दहा-बारा वर्षे जावी लागली. पुढे दिलेल्या बहुतेक समजुतींचे मूळ या फरकात आहे.

गैरसमज: भारतात टीव्ही आला तो 1982 च्या एशियाडमुळे.

दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण 15 सप्टेंबर 1959 रोजी सुरू झाले आणि 1965 पासून ते रोजचे झाले. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 चे. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. एशियाड सुरू झाले 19 नोव्हेंबर 1982 ला. तोवर मुंबईकरांनी ‘गजरा’ आणि ‘आमची माती आमची माणसं’ वर्षानुवर्षे पाहिले होते. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांची मालिका तर येऊन गेलीही होती. एशियाडने रंगाची हौस घरोघर पोहोचवली हे खरे, पण रंगाचा पहिला मानही त्याचा नाही. त्याच वर्षी 15 ऑगस्टचा लाल किल्ल्यावरचा सोहळा रंगीत दाखवला गेला होता आणि दिल्लीहून देशभर जाणारा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच दिवशी सुरू झाला.

उपग्रहावरून टीव्ही पाहण्याची गोष्ट तर आणखी जुनी, आणि ती शहरात घडलेली नाही. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांना कार्यक्रम दाखवले गेले. ‘साइट’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. खेड्यात एक सार्वजनिक संच आणि छपरावर दहा फूट व्यासाची डिश; तीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता, पण कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. त्यामुळे मुंबई-पुण्याचा पट्टा सोडला तर उरलेल्या महाराष्ट्राला जे ठाऊक नव्हते, ते सीमेपलीकडच्या विजापूरच्या खेडुतांना पारावर बसून दिसत होते.

मग एशियाडची समजूत इतकी पक्की का? ऑगस्ट 1983 मध्ये इन्सॅट-1बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि 1984 पासून गावोगावी लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहण्याचा सपाटा सुरू झाला. बहुतेक जिल्ह्यांत पहिला संच या लाटेत आला, म्हणजे एशियाडनंतरच आला. ‘नंतर’चे ‘मुळे’ व्हायला फारसा वेळ लागत नाही.

गैरसमज: तेव्हा एकच चॅनल होते, त्यामुळे सगळे जण एकच गोष्ट पाहत.

मुंबईत दूरदर्शनची दुसरी वाहिनी 1 मे 1985 रोजी सुरू झाली. दिल्लीत ती आदल्या वर्षीच आली होती. चार महानगरांच्या या दुसऱ्या वाहिन्या उपग्रहाने जोडून 1993 मध्ये मेट्रो चॅनल झाले. ‘एकच चॅनल’ हे मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राचे वर्णन म्हणून बरोबर आहे. मुंबईचे म्हणून मात्र 1985 नंतर ते चुकते.

शिवाय टीव्हीच्या पडद्यावर दूरदर्शन सोडून दुसरे काही दिसत नव्हते, हेही खरे नाही. व्हीसीआर आला आणि त्यामागोमाग कॅसेट लायब्ऱ्या आल्या. व्हीसीआर आणि रंगीत संच एका रात्रीपुरते भाड्याने आणायचे, वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे संपवायचे, हा प्रकार तालुक्याच्या गावीही सर्रास चाले. मुंबईच्या इमारतींत तर ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून एका खोलीत व्हीसीआर ठेवून वायरीने घरोघर सिनेमे सोडले जात. दूरदर्शनशी त्याचा काही संबंध नव्हता. मजूर-वस्तीतल्या आणि उच्चभ्रू सोसायटीतल्या घरांनी एकाच रात्री एकच कार्यक्रम पाहिला, हे चित्र रम्य आहे. पण त्याच रात्री सोसायटीत नवा सिनेमा लागलेला असण्याची शक्यता बरीच होती.

टीव्ही फुकट होता ही याच समजुतीची धाकटी बहीण. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओप्रमाणे टीव्हीलाही परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. जाहिरातीही दूरदर्शनवर 1976 पासून होत्या.

गैरसमज: ‘रामायण’ लागले की सगळा देश टीव्हीसमोर बसायचा.

‘रामायण’ 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 या काळात रविवारी सकाळी दाखवले गेले. त्याची लोकप्रियता वादातीत आहे. मालिका संपायला आली तेव्हा ती पुढे चालू ठेवावी म्हणून जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला होता. रस्ते ओस पडत, बस थांब्यावर उभी राही, दुकानदार संचाला हार घालत, उदबत्ती लावत. हे सगळे झाले. पण ‘सगळा देश’?

1991 च्या जनगणनेत देशातल्या 42 टक्के घरांतच वीज होती. टीव्ही किती घरांत आहे हे जनगणनेने 2001 साली मोजले, तेव्हा उत्तर आले 31.6 टक्के. म्हणजे ‘रामायण’ संपून तेरा वर्षे झाली, केबल येऊन रुळली, हप्त्यावर संच मिळू लागले, तरी तीनातल्या दोन घरांत टीव्ही नव्हता. 1987 चा आकडा यापेक्षा बराच खाली असणार, हे उघड आहे.

तरीही ही समजूत निव्वळ कल्पनेतून आलेली नाही. एका संचापुढे तेव्हा एक कुटुंब बसत नसे. पंधरा-वीस माणसे, दारात चपलांचा ढीग, खिडकीच्या गजांना लोंबकळणारी पोरे. वीज नसलेल्या गावात ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर संच लावला जाई. त्यामुळे संचांच्या संख्येवरून प्रेक्षक मोजले तर ते कमी भरतात, आणि गावातल्या चौकात उभे राहून मोजले तर ‘सगळा देश’ भरतो. शिवाय रस्ता रिकामा दिसला हे सांगणारा माणूस ज्या गल्लीत राहत होता, तिथे वीज होती आणि टीव्ही होता. जिथे या दोन्ही गोष्टी नव्हत्या, तिथला रविवार कुणी लिहून ठेवलेला नाही. जुन्या काळाबद्दलचे आपले बरेचसे सार्वजनिक ज्ञान संच असलेल्या घरांनी तयार केले आहे, हे या एका मालिकेवरून जितके दिसते तितके क्वचितच दिसते.

गैरसमज: जवळून टीव्ही पाहिला म्हणून डोळे बिघडले, निळी काच लावली असती तर वाचले असते.

‘मागे सरक’ हे वाक्य न ऐकता त्या काळातले एकही मूल मोठे झाले नसेल. भीतीला आधार होता. 1967 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत संचांतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडतात असे आढळले आणि ते संच दुरुस्त करावे लागले. जुन्या चित्रनळीत इलेक्ट्रॉन हजारो व्होल्टच्या दाबाने पडद्यावर आदळत. त्यातून थोडे क्ष-किरण निर्माण होतात हे भौतिकशास्त्र आहे, अफवा नव्हे. पण ते अडवण्यासाठीच नळीची काच जाड आणि विशिष्ट घटकांची केलेली असे. आपल्याकडच्या कृष्णधवल संचात तर विजेचा दाब रंगीत संचाहून कमी असे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्ष-किरणांनी चष्म्याचा नंबर लागत नाही. तो बुबुळाच्या आणि नेत्रगोलाच्या घडणीचा प्रश्न आहे.

मग टीव्हीला नाक लावून बसणाऱ्या मुलाला पुढे चष्मा का लागे? बहुतेक वेळा क्रम उलटा असे. मुलाला लांबचे नीट दिसत नव्हते म्हणून ते पुढे सरकत होते. घरच्यांच्या ते लक्षात येई टीव्हीसमोर आणि नंबर निघे नंतर डॉक्टरकडे, म्हणून दोष टीव्हीला. आई-बापांनी पाहिलेली गोष्ट खरी होती, लावलेला अर्थ चुकीचा होता. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, कधी डोके दुखते. हा थकवा आहे आणि विश्रांतीने तो जातो. तासन्तास घरात बसून राहणे आणि उन्हात न खेळणे यांचा लघुदृष्टीशी संबंध असल्याचे आता अभ्यासांतून दिसते. म्हणजे ‘बाहेर जाऊन खेळ’ हा सल्ला ‘मागे सरक’पेक्षा शहाणपणाचा होता.

निळ्या काचेबद्दल काय म्हणावे? पडद्यापुढे बसवायचे ते निळसर प्लास्टिक चमक थोडी कमी करी, एवढाच त्याचा उपयोग. त्याची पुढची आवृत्ती तीन पट्ट्यांची होती: वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. कृष्णधवल संच रंगीत होतो असे सांगून ती विकली जाई. वर आकाश आणि खाली गवत असलेल्या दृश्यात ती क्षणभर खरीही वाटे. मग बातम्या लागत आणि वृत्तनिवेदिकेचे केस निळे दिसत.

गैरसमज: पडद्यावर मुंग्या आल्या म्हणजे संच बिघडला.

बहुतेक वेळा नाही. प्रक्षेपण थांबले किंवा अँटेना फिरला की संचाला पकडायला संकेत उरत नाही. तरी तो मिळेल ते वाढवून दाखवत राहतो: स्वतःच्याच भागांतला विद्युत गोंगाट, आसपासच्या मोटारींच्या ठिणग्या आणि अगदी थोडा अंश विश्वाच्या जन्मापासून उरलेल्या प्रारणाचा. संचाला थापट मारल्यावर चित्र सुधारे, कारण कधी कधी आतला सैल सांधा खरोखर जागेवर बसे.

गैरसमज: टीव्हीने मराठी नाटक मारले.

ही तक्रार मुंबई केंद्र सुरू झाल्यापासून ऐकू येते. रविवारी संध्याकाळच्या सिनेमाने प्रयोगांच्या बुकिंगला फटका बसे, हे निर्मात्यांचे रडगाणे निराधार नव्हते. पण मृत्यूचा दाखला द्यायचा तर पुढची वीस वर्षे झाकावी लागतील. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ टीव्ही आल्यानंतरचे. ‘टूर टूर’ 1983 चे. अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ विजय चव्हाणांनी ऐंशीच्या दशकात नव्याने गाजवली. ‘ऑल द बेस्ट’ 1993 चे, म्हणजे केबल घरात शिरत असतानाचे, आणि ‘एका लग्नाची गोष्ट’ 1998 चे. गर्दी खेचणाऱ्या नाटकांची ही यादी नाट्यव्यवसायाला काहीच झळ बसली नाही असे सिद्ध करत नाही. दौऱ्यांचा खर्च, बंद पडलेल्या गिरण्या आणि गिरणगावातून पांगलेला प्रेक्षक हे प्रश्न होतेच. पण ते टीव्हीच्या माथी मारले की खरी कारणे पाहायचे राहून जाते. उलट ‘गजरा’सारख्या कार्यक्रमाने रंगभूमीवरचे कलाकार नाट्यगृह नसलेल्या गावांपर्यंत नेले.

गैरसमज: 1991 च्या आर्थिक सुधारणांत सरकारने केबल टीव्हीला दार उघडून दिले.

साल एकच असल्याने ही चूक सुशिक्षितांकडूनही होते. आर्थिक सुधारणा जुलै 1991 च्या. त्याआधी जानेवारीत आखाती युद्ध पेटले आणि मोठ्या हॉटेलांतल्या डिशवरून सीएनएनचे थेट चित्रण पाहायला मिळाले. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला. त्याचे संकेत एशियासॅट उपग्रहावरून भारतावर पडत होते आणि ते थांबवण्याचा उपाय सरकारजवळ नव्हता. आधीपासून इमारतींत सिनेमे दाखवणाऱ्या मंडळींनी गच्चीवर डिश लावली, झाडांवरून, खांबांवरून, या गच्चीवरून त्या गच्चीवर वायरी टाकल्या आणि महिन्याला पैसे गोळा करायला सुरुवात केली. 2 ऑक्टोबर 1992 ला झी टीव्ही आला, तोही परदेशातून प्रक्षेपण करूनच. परवानगी कुणी मागितली नव्हती आणि कुणी दिलीही नव्हती. तेव्हा लागू असलेला मूळ तार कायदा 1885 चा होता.

सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असा निकाल फेब्रुवारी 1995 मध्ये दिला. केबलचा कायदाही त्याच वर्षीचा. तोवर शहरांतल्या खांबांवर वायरींची जाळी झाली होती. कायद्याने केबलचालकांना धंदा बंद करायला सांगितले नाही. मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करा आणि दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखवा, असे सांगितले.