माऊस घ्यावा की पेन टॅबलेट?

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावी शाळेत संगणक आला, की चित्रकलेच्या मास्तरांपुढे हा प्रश्न उभा राहतो.

माऊस एंगलबार्ट यांनी १९६८ साली जाहीरपणे दाखविला. तो किती सरकला एवढेच संगणकाला कळते. उचलून दुसरीकडे ठेवला, तर बाण जागचा हलत नाही. टॅबलेटचे तसे नाही. पाटीसारख्या त्या फळीवरची प्रत्येक जागा पडद्यावरच्या एकेका जागेशी बांधलेली असते. शिवाय लेखणी दाबली की रेघ जाड होते.

म्हणून भूमितीच्या आकृती, तक्ते यांना माऊस पुष्कळ झाला. पण एलिमेंटरी, इंटरमीजिएटसाठी कागदावर बसलेला मुलांचा हात माऊसवर अडखळतो; टॅबलेटवर तोच कामी येतो. तेव्हा लहानसा एकच घ्या, पाळीपाळीने द्या. आणि कागद-पेन्सिल मात्र सोडू नका.