भांग चालते, पण कुठे?

होळीच्या सुट्टीनंतर आमच्या विंगमधला एक मित्र जैसलमेर फिरून आला. बॅगेत शेव, पापड आणि कागदात गुंडाळलेल्या भांगेच्या गोळ्या. "अरे घाबरता काय, सरकारमान्य दुकानातून घेतल्यात. तशी पाटीच होती!"

पाटी खरी होती. पण मित्रांनो, ती पाटी राजस्थानात आहे आणि आपलं हॉस्टेल महाराष्ट्रात!

झाड एकच, पण कायदा त्याचे भाग पाडतो. केंद्राच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात झाडाचा चीक म्हणजे चरस आणि फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. दोन्हींवर देशभर बंदी. फुलोरा नसलेली नुसती पानं आणि बिया मात्र गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. भांग पानांची, म्हणून ती यातून सुटते आणि राज्यांच्या हातात जाते.

इथून खरा गोंधळ सुरू होतो. राजस्थान आणि उत्तर प्रदेश भांगेच्या दुकानांना परवाने देतात. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. नाव दारूचं असलं तरी त्यात भांगही येते. परवान्याशिवाय ती आणणं, जवळ ठेवणं किंवा विकणं हा गुन्हा. म्हणजे तिथलं दुकान कायदेशीर असलं, तरी तिथला परवाना आपल्या बॅगेत बसून इथे येत नाही!

उत्तराखंडची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे २०१८ पासून धाग्यासाठी आणि बियांसाठी या झाडाच्या शेतीला परवाने मिळतात, पण नशा आणणारं टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी हवं.

हॉस्टेलमध्ये आणखी एक थिअरी फेमस आहे: "थोडा गांजा चालतो." साफ चूक. कायद्यात गांजाची 'अल्प मात्रा' एक किलोपर्यंत आहे, पण तेवढी माफ असते असा त्याचा अर्थ नाही. फक्त शिक्षा कमी: एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि भांगेच्या गोळीत गांजा मिसळलेला निघाला, तर ती भांग उरतच नाही, सरळ एनडीपीएस लागतो. गोळीत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही, लॅबमध्येच कळतं.

हे सगळं वाचून दाखवल्यावर मित्र जरा वेळ गप्पच होता. गोळ्या त्याच रात्री फ्लश झाल्या. शेव मात्र आम्ही संपवली.