गुंठाभर जागेचं ऊन-पाणी

'होमस्टेडिंग' हा शब्द अमेरिकेतला. 1862च्या होमस्टेड कायद्याने तिथल्या सरकारने कसणाऱ्याला 160 एकर जमीन नाममात्र शुल्कात दिली. अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. (ती जमीन मुळात कोणाची होती, हा प्रश्न वेगळाच.) आता हाच शब्द व्हिडिओंमधून आपल्याकडे पोहोचला आहे आणि पुण्याच्या आसपास एनए प्लॉट घेणाऱ्यांच्या मनात घर करून बसला आहे. थोडी जागा घ्यावी, छोटं घर बांधावं, चार कोंबड्या, भाजी, एखादं आंब्याचं झाड, बाजारात जायलाच नको. फक्त 160 एकर म्हणजे 6,400 गुंठे आणि नोकरदाराच्या आवाक्यात येतो तो एक किंवा दोन गुंठ्यांचा तुकडा. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1,089 चौरस फूट. एवढ्याशा जागेत संसार पिकेल का, हा प्रश्न सगळे विचारतात. माझ्या मते खरी अडचण क्षेत्रफळाची नाही. ती उन्हाची आणि पाण्याची आहे, आणि या दोन्हींची नोंद सातबाऱ्यावर नसते.

तरी क्षेत्रफळाचा हिशेब आधी उरकू, कारण तो पटकन होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार 2,000 कॅलरींच्या रोजच्या आहारात साधारण 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळ आणि 400 ग्रॅम भाजी हवी. चौघांच्या घराला वर्षाला 365 किलो धान्य लागलं. गव्हाची देशातली सरासरी हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास आहे, म्हणजे गुंठ्याला 35 किलो. महाराष्ट्राची सरासरी तर याहून बरीच कमी. नुसत्या पोळ्यांसाठीच दहा गुंठे गेले, डाळ वेगळी. भाजीचं गणित मात्र बरं दिसतं. चौघांना वर्षाला पावणेसहाशे किलोच्या वर भाजी लागते आणि नीट राखलेल्या गुंठ्यातून वर्षात तीन पिकं काढली, तर त्या आकड्याच्या जवळ जाता येतं. पण पूर्ण गुंठा मोकळा असतो कुठे? दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर घर, गाडीची जागा, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी आणि येण्याजाण्याची वाट काढली की वाफ्यांना 400 चौरस फूट उरले तरी नशीब म्हणायचं.

या 400 फुटांवर ऊन किती पडतं, हे प्लॉट घेताना कोणी पाहत नाही. बहुतेक फळभाज्यांना रोज सहा तास तरी थेट ऊन लागतं. पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे. 21-22 डिसेंबरला भर माध्यान्हीसुद्धा सूर्य दक्षिण क्षितिजापासून जेमतेम 48 अंश वर येतो. तुमच्या दक्षिणेला 40 फूट उंचीची, म्हणजे खाली पार्किंग आणि वर तीन मजले अशी इमारत असेल, तर तिची सावली त्या वेळी 36 फूट लांब पडते. मधे दहा फूट मोकळे सोडले असले तरी उरलेली 26 फूट सावली तुमच्या 33 फुटी गुंठ्यात शिरली. सकाळ-संध्याकाळ ती आणखी लांबते. जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सावली पायाशी येते; पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. मेथी, मटार, कोबी, टोमॅटो यांचा खरा हंगाम हिवाळ्याचा आणि नेमका तोच सावलीचा हंगाम. शेजारचा प्लॉट आज रिकामा आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. तिथे इमारत उठायला दोन वर्षं पुरतात.

पाण्याचं तसंच. उन्हाळ्यात वाफ्याला चौरस मीटरमागे रोज सुमारे पाच लिटर पाणी लागतं. 400 चौरस फुटांना दिवसाला पावणेदोनशे-दोनशे लिटर झालं. शहरी पुरवठ्याचा मापदंड माणशी 135 लिटरांचा आहे. म्हणजे बाग ही घरातली दीड माणसं. ती टँकरवर पोसली तर पालकाची जुडी मंडईपेक्षा महाग पडते. छपरावरचं पाणी साठवा, असा सल्ला मिळतो, तो चुकीचा नाही. सातशे मिलिमीटर पावसात 800 चौरस फुटांच्या छपरावरून गळती-उडाती धरूनही 40 हजार लिटर मिळतं. पण ते मिळतं पावसाळ्यात, लागतं एप्रिलमध्ये. पाच हजार लिटरची टाकी भरून ठेवली तर ती 25 दिवस पुरेल. शिवाय झाकण सैल राहिलं, तर आठवडा-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासांची पिढी तयार होते आणि मग गाठ शेजाऱ्यांशी.

यावर जाणकार श्री. अ. दाभोलकरांचं नाव घेतील. 'प्रयोग परिवारा'च्या या प्रवर्तकाने पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांवर जगू शकतं, अशी मांडणी केली होती. तिच्यावर हसण्याचं कारण नाही. पण तिचा पाया पानांनी अडवलेलं ऊन हाच आहे आणि ते दहा गुंठे इमारतींच्या बेचक्यातले नाहीत. दुसरा आक्षेप गच्चीचा: तिथे तर ऊनच ऊन! बरोबर आहे, आणि उपनगरी प्लॉटवरची सर्वांत चांगली 'जमीन' बहुधा गच्चीच असते. मात्र सलग सहा इंच ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जातं आणि राहत्या घराची गच्ची साधारणतः दीडशे किलो भारासाठी बांधतात. म्हणून तिथे पालापाचोळा, उसाची चिपाडं आणि थोडी माती असं हलकं मिश्रण कुंड्यांत किंवा क्रेटमध्ये भरावं लागतं. कोंबड्या, शेळ्यांबद्दल थोडक्यात: कोंबडा पहाटे आरवणार, शेजारी तक्रार करणार. शहरी भागात गुरं पाळण्यावर तर 1976 सालापासून राज्याचा स्वतंत्र कायदाच आहे.

मग हा खटाटोप करूच नये का? करावा, पण कोठार म्हणून नाही, परसबाग म्हणून. आपल्या जुन्या परसबागेने धान्य पिकवायचा दावा कधी केला नाही. न्हाणीचं पाणी बाहेर पडतं तिथे अळू, त्याच्या पुढे केळ, कुंपणाला शेवगा, विहिरीशी लिंबू, दाराशी कढीपत्ता, मांडवावर दोडका. यातलं जवळजवळ काहीच मुद्दाम पाणी मागत नव्हतं आणि अळूला तर सावलीही चालायची. बाजारातून आणलं की तासाभरात मान टाकणारं, चिमूटभर लागणारं किंवा विकत मिळतच नाही असं जे काही, ते घरी पिकवणं आजही परवडतं. शेवग्याचा कोवळा पाला कुठल्या दुकानात मिळतो? अळवाच्या वाटेवर आता डिटर्जंटचं पाणी आलं आहे, एवढा फरक मात्र आहे. कपडे धुतलेलं पाणी वगळून आंघोळीचं तेवढं वळवावं.

प्लॉट अजून घ्यायचा असेल, तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास तिथे जाऊन उभे राहा. पुण्यात सूर्य दिवसातला सर्वांत उंच येतो तो तेव्हा, बाराला नव्हे. दक्षिणेच्या इमारतीची सावली कुठवर येते, तिथे चुन्याची रेघ ओढा, आणि वाफे त्या रेघेच्या पलीकडे किती बसतात ते मोजून मगच इसार द्या.